गडावरचें केळवण

केळवण म्हणजे काय, हें आपल्या घरांतून कोणास समजावून सांगावयास नको. पाटाभोंवतीं रांगोळी, उदबत्तीचा वास, ताटांत पक्वान्न, त्यावर "आणखी एक घे, सासरीं कोठें आमच्या हातचें मिळणार आहे!" हा आग्रह, आणि उठतां उठतां ओटींत पडणारा खणनारळ. लग्नाआधींच्या दोन महिन्यांत मुलगी अशीं दहाबारा केळवणें जेवते आणि मुहूर्ताच्या दिवशीं बहुधा पोटाच्या तक्रारीनें हैराण असते. आमच्या धाकट्या पुतणीचें लग्न माघांत करावयाचें ठरलें, तेव्हां अशा निमंत्रणांची रांग लागलीच. पण एके दिवशीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती मजजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, एक केळवण मला निराळें हवें आहे. बसून जेवायचें नव्हे, चढून जेवायचें. रायगडावर, आणि फक्त आपणां बायकांचें."

तिच्या कचेरींतल्या मैत्रिणींनीं गोव्याचा बेत आंखला होता. लग्नापूर्वीं वधूनें मैत्रिणींसह एकदां मनमुराद हिंडून घ्यावें, अशी चाल इंग्लंड-अमेरिकेंत आहे. इंग्लंडांत तिला 'हेन पार्टी' म्हणतात, अमेरिकेंत 'बॅचलरेट पार्टी'. हल्लीं आपल्याकडील मुलीही ती उचलूं लागल्या आहेत. माझ्या सासूबाईंनीं, आम्ही त्यांना माई म्हणतों, हें सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "त्यांत नवें काय आहे? आमच्या वेळीं मंगळागौरीला रात्रभर फुगड्या घालून कमरेचे काटे ढिले होत. फरक इतकाच, कीं आम्ही लग्नानंतर नाचत होतों, तुम्ही आधीं नाचतां." एवढ्या एका वाक्यानें घरांतला वाद मिटला.

परंतु पुतणीची अट पुढेंच होती. "एकही जण खालीं राहतां कामा नये. तेरा जणी निघायच्या आणि तेरा जणी गडावर एका पंक्तीला जेवायच्या."

त्या तेरा जणी कोण, हें वाचकभगिनींना सांगितल्यावांचून या अटीची अडचण ध्यानांत यावयाची नाहीं. एक्याऐंशी वर्षांच्या माई, दोन्ही गुडघे कुरकुरणाऱ्या माझ्या जाऊबाई, म्हणजे वधूची आई, ऐकूं कमी येणारी तिची मावशी, साठीला टेकलेली मी, दोन आतेबहिणी, त्यांतली एक बेचाळीस किलोमीटरांच्या शर्यती धांवणारी, कचेरींतल्या तीन मैत्रिणी, होणारी नणंद, नऊ वर्षांची एक भाची, स्वतः वधू, आणि तिची बालमैत्रीण. या मैत्रिणीचा डावा पाय लहानपणीं पोलिओनें अधू झालेला आहे. ती पायाला कॅलिपर बांधते व कुबडी घेऊन चालते. सपाटीवर ती आपल्याबरोबर सहज चालते. पायऱ्या मात्र तिला एकेक करून, वेळ घेऊन चढाव्या लागतात.

बेत आंखण्याचें काम माझ्याकडे आलें. मी तीस वर्षें शाळेंत शिक्षिका होतें; सहली नेण्याचा अनुभव मोठा. मी वहीचें एक पान घेतलें, मधोमध रेघ मारली, एकीकडे 'चढणाऱ्या' आणि दुसरीकडे 'न चढणाऱ्या' असे मथळे दिले, व खालीं टीप लिहिली, 'न चढणाऱ्यांनीं पाचाडला थांबून सामान पाहावें. मागाहून जमल्यास रोपवेनें यावें.' संध्याकाळीं ती मैत्रीण आली. मी मोठ्या समाधानानें पान तिच्यापुढें ठेवलें. तिनें तें वाचलें, हंसली, आणि म्हणाली, "बाई, पुन्हां सामानच का?"

ती अजूनही मला 'बाई' म्हणते, कारण ती आणि माझी पुतणी दोघीही माझ्या वर्गांत होत्या. 'पुन्हां' या शब्दानें मी चपापलें. वीस वर्षांपूर्वींची गोष्ट. पांचवीची सहल सिंहगडावर न्यावयाची होती. आम्ही पायथ्याच्या आतकरवाडीच्या वाटेनें मुलांना वर नेलें आणि ह्या मुलीला शिपाईबाईंबरोबर खालीं झाडाखालीं बसविलें. सगळ्यांच्या पिशव्या तिच्याजवळ ठेविल्या, आणि "तुझ्यावर मोठी जबाबदारी आहे हं!" असें वर सांगितलें. सिंहगडावर मोटारींचा रस्ता थेट वरपर्यंत जातो, हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. ठाऊक होतें, सुचलें नाहीं. माझ्या पुतणीनें त्या दिवशीं वर विकत घेतलेलें मडक्यांतलें दहीं मैत्रिणीसाठीं हातांत धरून खालीं आणलें होतें. उतरतांना निम्में सांडलें, तिचा झगा भरला, आणि मी तिला त्याबद्दल रागावलें होतें, एवढें मला चांगलें आठवत होतें. खालीं बसलेल्या मुलीचा चेहरा मात्र मला आठवेना.

मी तें पान फाडून टाकलें, व दुसरा बेत आंखण्याचें काम तिच्याच हातीं दिलें.

तिची रीत मला अगदीं नवी होती. तिनें प्रत्येकीला एकेक कोरी चिठ्ठी दिली आणि सांगितलें, "तुम्हांला काय जड जातें किंवा कशाची भीति वाटते, तें लिहा. नांव घाला. चिठ्ठ्या मी एकटीच वाचीन." त्यांतून निघालेली हकीकत अशी, कीं आमच्या शर्यती धांवणाऱ्या भाचीला रोपवेंत टांगून जाण्याच्या कल्पनेनेंच घाम फुटत होता, 'मी चालतच येणार' हा तिचा बाणा शौर्याचा नसून भीतीचा होता! कचेरींतल्या एकीला कड्याशेजारून चालतांना चक्कर येते. तिला पायऱ्यांच्या आंतल्या बाजूनें व कोणाचा तरी हात धरून न्यावयाचें ठरलें. एका चिठ्ठींतला मजकूर तिनें मला सांगितलाच नाहीं; फक्त होणाऱ्या नणंदेचें नांव चालणाऱ्यांतून काढून रोपवेच्या यादींत घातलें. मी कारण विचारलें, तेव्हां "चिठ्ठी माझ्याकडे आहे" एवढेंच उत्तर मिळालें. माझ्या चिठ्ठीवर मी लिहिलें होतें, 'मला कांहीं नाहीं.' या तीन शब्दांचा समाचार पुढें यावयाचा आहे.

रायगड निवडला तो केवळ राजधानी म्हणून नव्हे. १६५६ सालीं चंद्रराव मोऱ्यांकडून घेतलेल्या रायरीच्या या डोंगरावर ६ जून १६७४ रोजीं महाराजांना राज्याभिषेक झाला, हें शाळकरी मुलेंही जाणतात. समुद्रसपाटीपासून सुमारें सत्तावीसशें फूट उंचीचा, चोहों बाजूंनीं तुटलेले कडे असलेला हा गड. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशांत घेतले, अकरा महाराष्ट्रांतले व बारावा तामिळनाडूंतला जिंजीचा. त्यांत रायगड आहेच. पण आमच्या कामाची गोष्ट निराळी होती, आणि ती माईंनीं सांगितली. "आऊसाहेबांना गडावरची गार हवा मानवत नव्हती. म्हणून महाराजांनीं पायथ्याशीं पाचाडला त्यांच्यासाठीं वाडा बांधला. 'तुम्हांला जमत नसेल तर राहूं द्या' असें म्हटलें नाहीं. राजधानीच पायथ्यापर्यंत खालीं आणली." गडाच्या बालेकिल्ल्याला एक पालखी दरवाजा आहे आणि एक मेणा दरवाजा. म्हणजे या गडावर सगळींच माणसें पायांनीं चढून येत होतीं असें नाहीं. उचलून आणावीं लागणाऱ्या माणसांसाठींही दारें केलेलीं होतीं. आणि १९९६ पासून हिरकणीवाडींतून रोपवे, ज्याला पुस्तकी मराठींत रज्जुमार्ग म्हणतात, तो वर जातो. अशा गडावर कोणी खालीं राहावें, हें गडालाही शोभणारें नव्हतें.

मैत्रिणीच्या बेताचें सूत्र एका ओळीचें होतें: सगळ्यांनीं एकच गोष्ट करावयाची नाहीं, सगळ्यांनीं एकाच वेळीं एका ठिकाणीं पोंचावयाचें. आठ जणी चित दरवाजाकडून पायऱ्यांनीं येणार, पांच जणी रोपवेनें. रोपवेवाल्यांनीं आधीं निघून वाट पाहत बसावयाचें नाहीं. त्यांनीं सकाळीं पाचाडचा वाडा आणि जिजाऊंची समाधि निवांत पाहावी आणि दहाच्या सुमारास वर यावें. भेटीची जागा मेणा दरवाजा. सुट्टीच्या दिवशीं रोपवेशीं मोठी गर्दी होते, म्हणून मधला वार निवडला व जागा आधीं राखून ठेवल्या. उतरण्यासाठीं तिनें दोन जागा जास्त घेतल्या. "ह्या कोणासाठीं?" मी विचारलें. "ज्यांनीं चिठ्ठींत कांहीं लिहिलें नाहीं त्यांच्यासाठीं," ती म्हणाली.

मार्गशीर्षांतल्या एका दुपारीं पुण्याहून ताम्हिणी घाटानें निघून आम्ही दिवस मावळतां पाचाडला पोंचलों. एका घरगुती बिऱ्हाडीं उतरण्याची सोय केली होती. रात्रीं अंगणांत शेणसड्यावर गोल करून बसलों. मुलींनीं झिम्मा, फुगडी, पिंगा, जें येत होतें तें सगळें घातलें. जें येत नव्हतें तें माईंनीं बसल्या जागीं हातवारे करून शिकविलें. बालमैत्रिणीनें सूप नाचविण्याचा खेळ घेतला. कुबडी भिंतीशीं ठेवून, एका खांबाला पाठ टेकून ती उभी राहिली आणि सूप तिच्या हातांत असें गिरकूं लागलें, कीं घरधनीण स्वयंपाक टाकून पाहावयास बाहेर आली. मला तेव्हां वाटलें, हिच्याबरोबर इतकीं वर्षें काढून मीं हिचा पायच तेवढा पाहिला. हात पाहिलेच नाहींत.

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच आम्ही आठ जणी पायऱ्यांना लागलों. चौदाशेंहून अधिक पायऱ्या आहेत. भाचीनें मोजावयास सुरुवात केली. नऊशेंच्या पुढें तिचा हिशेब चुकला, पुन्हां जुळला नाहीं. मैत्रिणीनें आम्हांला एक नियम घालून दिला होता: सर्वांत हळू चालणारीनें सर्वांपुढें चालावें आणि सर्वांत चपळ बाईनें सर्वांमागें. आजवर मीं नेलेल्या सहलींत याच्या उलट होत असे. चपळ मुलें पुढें जाऊन विसावा घेत. दमलेलीं मागाहून पोंचत, तोंच पुढचीं उठून चालूं लागत. आणि ज्यांना विसाव्याची खरी गरज, त्यांच्या वांट्याला तो कधींच येत नसे. आतां पुढें मी होतें आणि मागें ती शर्यती धांवणारी. पहिल्या अर्ध्या तासांत तिची चुळबूळ माझ्या पाठीला जाणवत होती. नंतर ती थांबली, कारण तिला आयुष्यांत पहिल्यांदांच डोंगर चढतांना आजूबाजूला पाहावयास सवड मिळाली. ती मागून ओरडून सांगूं लागली, "काकू, तिकडे धुकें बघा! ती काळ नदीची खोरी बघा!"

महादरवाजा मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वाट वळणें घेत जाते, दोन प्रचंड बुरुज समोर उभे दिसतात, पण दार दिसत नाहीं. अगदीं बुरुजांच्या कुशींत शिरल्यावर तें एकदम पुढें येतें. शत्रूला शेवटच्या पावलापर्यंत दार दिसूं नये, ही त्यांतली योजना. दरवाजांतून आंत गेल्यावर पुन्हां चढ आहेच. नवख्या माणसाला वाटतें आपण पोंचलों, आणि तेथेंच तो दम हरतो. पुढें कोरडा हत्ती तलाव, मग गंगासागराचें पाणी व त्याच्या कांठचे उंच मनोरे. अडीच तासांत आम्ही वर होतों.

मेणा दरवाजाशीं पाहतों तों पांचही जणी हजर. रोपवेनें चार-पांच मिनिटांत वर आणलें. पण उतरल्यावर मेणा दरवाजापर्यंत थोड्या पायऱ्या आहेत, त्या मैत्रीण एकेक करून चढत होती. माझी पुतणी धांवून पुढें झाली आणि हात देऊं लागली. मैत्रीण म्हणाली, "हात नको. फक्त शेजारून चाल, आणि माझ्या पायांकडे बघूं नकोस, बोलत राहा." तशा त्या दोघी बोलत बोलत दारांतून आंत आल्या. माई आधींच आंत एका जोत्यावर बसल्या होत्या. "मेण्यांतून येणाऱ्यांच्या दारांतून आलें बाई मी," त्या म्हणाल्या, "आतां कोणी मला म्हातारी म्हणायचें नाहीं."

राणीवशाच्या ओळीनें मांडलेल्या जोत्यांमधून आम्ही राजसदरेवर आलों. १८१८ सालीं इंग्रजांच्या तोफांनीं व आगीनें वाडे गेले. राहिलीं तीं जोतीं आणि भिंतींचे तळखडे. परंतु सिंहासनाची जागा आणि तिच्यासमोरचा भव्य नगारखाना यांच्यामध्यें दोनशें फुटांहून अधिक अंतर असूनही एका टोंकाला केलेली कुजबूज दुसऱ्या टोंकाला ऐकूं येते, हा चमत्कार अजून शाबूत आहे. सदरेच्या रचनेंतच तो आहे. पुतणीला आम्हीं नगारखान्याशीं उभें केलें आणि आम्ही सगळ्या सिंहासनाच्या बाजूला थांबलों. "नांव घे!" म्हणून खूण केली. ती तोंडावर हात धरून पुटपुटली आणि आमच्या कानाशीं कोणी बोलावें तसें ऐकूं आलें:

"मोजीत आलें गडाच्या पायऱ्या साऱ्या, अमक्या-रावांचें नांव घेतें, पोंचव गडाच्या वाऱ्या."

(अमक्या-रावांचें खरें नांव येथें छापण्याची मला मनाई आहे.) सगळ्यांनीं टाळ्या पिटल्या. माई म्हणाल्या, "हें ध्यानांत ठेव हो मुली. दरबारांत कुजबुजलेलें गादीपर्यंत पोंचतें. सासरीं गेल्यावर स्वयंपाकघरांतसुद्धां जपून बोल." नणंद सर्वांत मोठ्यानें हंसली.

आणि तेवढ्यांत मला दिसलें, कीं मावशी हंसत नव्हती. ती एकीकडे उभी राहून, सगळ्या हंसल्या म्हणून ओठ हलवीत होती. वाऱ्यानें तिच्या कानांतलें यंत्र शिट्टी घालूं लागलें होतें, म्हणून तिनें तें काढून पिशवींत ठेविलें होतें. आम्हीं पायांचा हिशेब केला होता, गुडघ्यांचा केला होता, भीतीचासुद्धां केला होता. कानांचा केलाच नव्हता. मैत्रीणही ओशाळली. "मीं चिठ्ठ्या दिल्या," ती हळूच म्हणाली, "पण मावशींनीं त्यांत ऐकण्याचें लिहिलें नाहीं, आणि मीं विचारलें नाहीं." मग तिनेंच कुबडी उंच करून पुतणीला पुन्हां उभें राहावयास सांगितलें. ह्या वेळीं पुतणीनें उखाणा हातांनीं घेतला. पायऱ्या चढण्याचा अभिनय केला, कपाळाचा घाम पुसला, बोटें मोजलीं, नवऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढविला, आणि पदर वाऱ्यावर सोडून दिला. दोनशें फुटांवरून मावशीला सगळें समजलें. ती इतकी हंसली, कीं डोळ्यांना पदर लावावा लागला. खरें सांगावयाचें तर पहिल्या उखाण्यापेक्षां दुसराच अधिक रंगला, आणि तो सगळ्यांना कळला.

सपाट अशा होळीच्या माळावरून आम्ही बाजारपेठेंत आलों. दोहों बाजूंना बावीस-बावीस दुकानांच्या उंच जोत्यांच्या रांगा, मध्यें रुंद रस्ता. घोड्यावर बसल्या बसल्या खरेदी करतां यावी म्हणून जोतीं उंच ठेविलीं, असें सांगतात. तेथून जगदीश्वराचें मंदिर व महाराजांची समाधि थोडी लांब पडते. ज्यांना जावयाचें होतें त्या गेल्या, ज्यांना बसावयाचें होतें त्या बसल्या. कोणी कोणाला 'चल ग' म्हणून ओढलें नाहीं व कोणी कोणासाठीं हळहळलें नाहीं. माई बसल्याच, पण जाणाऱ्यांना बजावून सांगितलें, "मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचें नांव कोरलें आहे, तें पाहून या. एवढा गड बांधला आणि नांव कोठें ठेवलें, तर पायरीवर!"

एक वाजतां तेरा जणी एका पंक्तीला बसलों. गडावरच्या एका खोपटांतल्या बाईंना आधीं निरोप धाडला होता. चुलीवरचें पिठलें, गरम भाकऱ्या, ठेचा, कांदा. घरून नेलेले बेसनाचे लाडू व साखरभात. आणि मडक्यांतलें दहीं. पुतणीनें पहिलें मडकें उचलून मैत्रिणीपुढें ठेविलें. दोघी कांहीं बोलल्या नाहींत. मडकें कांठोकांठ भरलेलें होतें.

जेवणानंतर हिरकणीची गोष्ट निघणारच. कोजागिरीच्या दिवशीं गडावर दूध घालावयास आलेली हिरकणी, मावळतांच बंद झालेले दरवाजे, खालीं घरीं तान्हें मूल, आणि अंधारांत पश्चिमेच्या कड्यावरून तिचें उतरणें. महाराजांनीं तिचा गौरव करून त्या जागीं बांधलेला बुरूज. आख्यायिकाच ती, पण तेथें उभें राहून कड्याकडे पाहिलें कीं अंगावर कांटा येतो. भाचीनें विचारलें, "पण दरवाजे तिच्यासाठीं एकदां उघडले असते तर?" यावर आमच्यापैकीं कोणाजवळच उत्तर नव्हतें. बाईच्या धाडसाचें कौतुक आपण फार करतों. तिच्यावर तें धाडस कां आलें, हें क्वचितच विचारतों.

तीनच्या सुमारास चालणाऱ्या उतरूं लागल्या. आणि येथें माझ्या 'मला कांहीं नाहीं' याचा निकाल लागला. चढतांना छाती बोलते, उतरतांना गुडघे. पन्नास पायऱ्या उतरलें असेन नसेन, उजवा गुडघा असा कळकळूं लागला कीं मी तेथेंच बसलें. परत वर आलें, तेव्हां मैत्रिणीनें कांहीं न बोलतां जास्त काढून ठेविलेल्या दोन तिकिटांतलें एक माझ्यापुढें धरलें.

आम्ही सहा जणी रोपवेच्या ठाण्याशीं आलों, तों वारा सुटला. मोठ्या वाऱ्यांत पाळणे चालवीत नाहींत, आणि तेंच योग्य. पण आमच्या बेतांत वाऱ्यासाठीं जागा नव्हती. साडेचार झाले, पांच झाले. जाऊबाईंचा चेहरा उतरला. माई म्हणाल्या, "हिरकणीला कडा होता, आपल्याला दोर आहे. वारा पडेपर्यंत बसूं." पण माझ्या पोटांत एकाएकीं गोळा आला. माईंच्या संध्याकाळच्या गोळ्या! त्यांचें ओझें हलकें व्हावें म्हणून त्यांची पिशवी मीं आपण होऊन उतरणाऱ्या मुलींजवळ दिली होती. मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही. आणि वेळ चुकलेली माईंना सोसत नाहीं.

मैत्रिणीनें खांद्यावरची झोळी उघडली. एका पुडींत माईंच्या गोळ्या, दुसरींत जाऊबाईंच्या. नणंदेसाठीं लिंबू व राजगिऱ्याच्या वड्या. मावशीच्या यंत्राच्या बॅटऱ्या. आणि पुडीवर प्रत्येकीचें नांव. "सकाळीं तुम्ही पिशव्या बांधत होतां, तेव्हां एक दिवसाचें काढून ठेविलें," ती म्हणाली.

माईंनीं वडीबरोबर गोळी घेतली. मी बाजूला कठड्याशीं गेलें, आणि ती माझ्यामागून आली. वीस वर्षें जें बोलावयाचें राहिलें होतें तें मीं तेव्हां बोललें. म्हटलें, "सिंहगडाला गाडी जाते, हें मला माहीत होतें."

"मलाही माहीत होतें," ती म्हणाली. "मीं झाडाखालीं बसून त्या दिवशीं वर जाणाऱ्या मोटारी मोजल्या. मग पिशव्या मोजल्या. बेचाळीस होत्या. कोणाच्या पिशवींत काय आहे, तें मला पाठ झालें. ती संवय अजून गेली नाहीं."

"राग आहे का ग?"

ती थोडा वेळ खालच्या दरीकडे पाहत राहिली. "होता. हिनें दहीं आणलें तेव्हां निम्मा गेला. राहिलेला निम्मा मीं ठेवून दिला आहे, बाई. तुम्ही अजून शाळेच्या समितीवर आहांत ना? तेथें जाऊन पुढच्या सहलीला एक गाडी मागा. तो माझा निम्मा राग तेथें जमा करा."

सहाच्या आंत वारा पडला. पाळणा हालला, आणि खालच्या अंधारांत उतरूं लागला. पायथ्याशीं सात जणी घोळक्यानें उभ्या होत्या. शर्यती धांवणारी भाची सर्वांत पुढें येऊन वर पाहत होती. घरीं परतल्यावर आठ दिवसांनीं नणंदेनें आपली गोड बातमी सांगितली, तेव्हां त्या न सांगितलेल्या चिठ्ठीचा उलगडा झाला.

असा बेत करूं इच्छिणाऱ्या घरांना सांगण्यासारखें थोडेंच आहे. कोणाला काय जमत नाहीं हें आपण ठरवूं नये, ज्याचें त्याला विचारावें. आणि विचारतांना कान, डोळे व मन यांनाही पायांइतकाच मान द्यावा. औषधें ज्याचीं त्याच्याजवळ असावींत. शौचाची सोय कोठें आहे हें निघण्यापूर्वींच पाहून ठेवावें. बायकांच्या निम्म्या सहली ह्या एका संकोचानें बिघडतात. मधला वार, पहांटेची निघण्याची वेळ आणि वाऱ्यासाठीं दोन तास राखून ठेवावेत. आणि ज्याला आपण आजवर खालीं बसविलें, त्याच्या हातीं एकदां बेताची वही देऊन पाहावी.

मी शाळेच्या समितीपुढें गेलें. दोन बैठकींत 'पाहूं' झालें, तिसऱ्या बैठकींत गाडी मंजूर झाली. यंदाच्या सहलींत दोन मुलें मोटारीनें सिंहगडावर गेलीं आणि चालत आलेल्यांच्या आधीं दहीं घेऊन बसलीं, असें मुलांकडूनच कळलें. मीं तें मैत्रिणीला फोनवरून सांगितलें. ती म्हणाली, "आणि पिशव्या?"

पिशव्या शाळेनें खालीं एका खोलींत कुलुपांत ठेविल्या होत्या. त्यांना सांभाळावयास कोणीच लागलें नाहीं.